‘नो’चे डोळे, ‘मो’चं नाक

एक कोरा कागद घ्या. पेन्सिल नको, स्केचपेन घ्या. खोडरबर जवळ असला की हात भित्रा होतो.

आधी एक भुवई काढा, उतरत्या छपरासारखी. तिच्याखाली डोळा. डोळ्याचा गोल पूर्ण मिटवू नका, रेघ मधून खाली उतरवून बाहेरून गुंडाळत आणा. तशीच दुसरी भुवई, तसाच दुसरा डोळा. मधे नाक, म्हणजे मासे पकडायच्या गळासारखी उभी रेघ आणि तिच्यावर दोन आडव्या काड्या. खाली तोंड, पुन्हा भुवईसारखंच, जरा रुसलेलं. शेवटी डाव्या बाजूने एक लांब रेघ खाली आणा, हनुवटीखालून उजवीकडे वर वळवा आणि वरच्या बाजूला दोन बारीक फटकारे मारा.

झाला चेहरा! चित्र काढलंत, असं वाटतंय ना? तुम्ही तर सात जपानी अक्षरं लिहिलीत. भुवया म्हणजे ‘हे’, डोळे म्हणजे ‘नो’, नाक ‘मो’, तोंड परत ‘हे’ आणि चेहऱ्याची कड म्हणजे ‘जि’. जपानी पोरं ‘हे-नो-हे-नो-मो-हे-जि’ असं म्हणत म्हणत हा चेहरा वहीच्या कोपऱ्यात, वाळूत, फळ्यावर काढतात. भाताच्या शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्यालाही हाच चेहरा मिळतो. आपल्या विसरवाडीकडच्या शेतांत काळ्या मडक्यावर चुन्याने डोळे काढतात तसा. फरक इतकाच की जपानी बुजगावणं वाचता येतं.

अर्थ काय त्या सात अक्षरांचा? काहीच नाही. नुसती गंमत. पण या गमतीचं खानदान फार मोठं आहे. तिची पणजी राजवाड्यात राहायची.

हजारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जपानची राजधानी तेव्हा आजच्या क्योतो शहरात होती. तिथल्या दरबारात कविता म्हणजे रोजचं बोलणं होतं. निरोप कवितेत, रुसवा कवितेत, पाऊस पडला तरी कविता. कविताही छोटी, एकतीस अक्षरांची. ती नुसती लिहून द्यायचा त्यांना कंटाळा आला असावा, कारण त्यांनी एक युक्ती काढली. तिचं नाव आशिदे. आशि म्हणजे पाणथळीत वाढणारं नळासारखं उंच गवत आणि दे म्हणजे हात, हाताचं वळण. कवितेतली अक्षरं अशी लिहायची की ती नदीकाठच्या गवताची पाती वाटावीत. एखादं अक्षर लांबवून पाण्याची लाट करायची, एखादं आखडून खडक, एखाद्याला उडता पक्षी करायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अरे वा, काय छान नदीकाठ आहे! आणि जवळ जाऊन नीट बघितलं की गवतातून कविता डोकावते.

इथे एक मजा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे असल्याच नळासारख्या गवताची काडी तासून लेखणी करायचे, तिला बोरू म्हणतात. म्हणजे आपण गवताने अक्षरं लिहिली आणि जपान्यांनी अक्षरांनी गवत लिहिलं. त्यांच्या हातात असायचा मऊ केसांचा ब्रश.

हे त्यांना जमलं ते त्यांच्या लिपीमुळेही. चीनकडून त्यांनी जी चित्रासारखी भरगच्च अक्षरं घेतली, ती भराभर लिहिता लिहिता झिजली, वळली, सोपी झाली आणि त्यातून ‘हिरागाना’ नावाची वळणदार अक्षरं जन्मली. त्यातलं ‘शि’ म्हणजे वरून खाली आलेली आणि शेवटी किंचित वळलेली एक रेघ, बस्स. तिचं पातं करायला कितीसा वेळ लागणार? शिवाय ब्रश न उचलता एकातून दुसरं अक्षर काढता येतं. आपल्या मोडी लिपीचंही असंच होतं. आधी पानभर आडव्या रेघा मारायच्या, मग बोरू फारसा न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायचं. तुमच्या पणजोबांच्या ट्रंकेत जमिनीचा एखादा जुना कागद असेल तर जरूर बघा. वाचता आला नाही तरी चालेल, वळणं बघा.

आशिदेचा एक प्रसिद्ध नमुना इ.स. ११६० मधला आहे. फुजिवारा नो कोरेयुकी नावाच्या एका मोठ्या सुलेखनकाराने दोन लांब गुंडाळ्यांवर निवडक कविता लिहिल्या. कागद मात्र कोरा नव्हता. त्यावर आधीच गवत, पाणपक्षी, खडक असं काय काय रंगवलेलं होतं आणि त्यातल्याच काही आकृत्या म्हणजे अक्षरं होती. चित्रात अक्षरं आणि त्या चित्रावर पुन्हा अक्षरं! आज या गुंडाळ्या क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यानंतर चारच वर्षांनी, ११६४ मध्ये, तायरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराने समुद्रातल्या इत्सुकुशिमा देवस्थानाला बौद्ध ग्रंथांच्या तेहतीस गुंडाळ्या अर्पण केल्या. सोनं-चांदी लावलेल्या त्या चित्रांतही अशी लपलेली अक्षरं सापडतात.

पुढे ही लपाछपी कागदावरून लाकडी पेट्यांवर गेली. शाईचा दगड आणि ब्रश ठेवायची पेटी असायची, आपल्या कंपासपेटीची श्रीमंत बहीण. तिच्यावर काळी चकचकीत लाख चढवायची, ओल्या लाखेवर सोन्याची पूड भुरभुरायची आणि चित्र घडवायचं. अशाच एका पेटीवर समुद्रकाठ आहे, खडक आहेत, चिलखे उडतायत. चिलखा म्हणजे आपल्या टिटवीच्या नात्यातला पाणपक्षी. त्या खडकाबिडकांत एका जुन्या कवितेतली अक्षरं लपवली आहेत. कवितेत म्हटलंय की हे पक्षी राजाला ‘आठ हजार पिढ्या!’ असा आशीर्वाद देतायत. जपानी कानांना चिलख्याच्या ओरडण्यात ‘चियो’, म्हणजे हजार पिढ्या, असं ऐकू येतं. हसू नका. आपल्या पावशाला तर चक्क शेतकीचं ज्ञान आहे, तो जूनमध्ये ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत फिरतो!

पण माझी सगळ्यात लाडकी पेटी वेगळीच आहे. ती होन्-आमि कोएत्सू (१५५८–१६३७) या कलावंताची. कोएत्सूला सुलेखन यायचं, मातीची भांडी यायची, लाखकाम यायचं. काय यायचं नाही तेच विचारा. ही पेटी सुमारे २४ सेंटीमीटर लांब आहे आणि तिचं झाकण फुगीर, अगदी टम्म. सगळी सोनेरी. सोन्यात छोट्या होड्या आणि लाटा. आणि त्या होड्यांवरून आडवा, झाकणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिशाच्या पत्र्याचा काळपट जाड पट्टा. सोन्यावर शिसं! कुणी म्हणेल, एवढी सुंदर पेटी आणि हे काय फासलंय?

आता वाचा. पेटीवर चांदीच्या अक्षरांत एक कविता विखुरलेली आहे. पूर्वेच्या रस्त्यावर सानो नावाच्या गावी होड्या एकमेकींना बांधून केलेला पूल होता. कवी म्हणतो, त्या होड्यांच्या पुलावरून जावं तसा मी मनातल्या मनात तुझ्याकडे येत असतो, पण कुणाला ठाऊकच नाही. छान. मात्र पेटीवर ही कविता वाचायला गेलात तर मधे एक शब्द गायब! ‘होड्यांचा पूल’ हा शब्दच कोएत्सूने लिहिलेला नाही. विसरला? छे. तो काळपट शिशाचा पट्टा म्हणजेच पूल. अक्षरं वाचत वाचत यायचं, पट्ट्यापाशी आलं की तो वाचायचा, आणि पुन्हा अक्षरं धरायची. चित्र इथे कवितेशेजारी बसलेलं नाही, ते कवितेतला एक शब्द झालंय. ही पेटी तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि जपानने तिला ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून जाहीर केलंय.

तुम्ही म्हणाल, शब्द गाळला तर लोकांना कळायचं कसं? कळायचं, कारण लोकांना कविता पाठ असायच्या. आजही जपानी शाळांत शंभर कवींच्या शंभर कवितांचे पत्ते खेळतात. एकाने कवितेची सुरुवात म्हणायची आणि बाकीच्यांनी तिच्या शेवटाचा पत्ता झटकन उचलायचा. कविता पाठ असणारा पहिल्या दोन-तीन अक्षरांतच झडप घालतो. ज्याच्या डोक्यात कविता आहे त्याच्यासाठीच हे कोडं आहे.

बरं, कोडं सोडवताना आपल्या डोक्यात काय होतं? तो मघाचा चेहरा पुन्हा बघा. मी सांगितलं नव्हतं तोवर तुम्हाला फक्त चेहरा दिसत होता. उलट एखाद्या मराठी अक्षराकडे बघा, समजा ‘ठ’. तुम्हाला गोल आणि त्यावरचा दांडा दिसला का? नाही. थेट ‘ठ’ ऐकू आला. वाचायला शिकलं की अक्षराचा आकार आपण बघायचंच सोडतो.

यामागे मेंदूची करामत आहे. लिहिण्याची विद्या जेमतेम पाच हजार वर्षांची. माणसाचा मेंदू त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. त्यामुळे वाचनासाठी म्हणून मेंदूत जन्मतः वेगळी खोली नसते. मग मेंदू काय करतो? चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलीच थोडी जागा अक्षरांना देतो. मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, मागे आणि खालच्या बाजूला ही जागा असते. स्तानिस्लास देहेन आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये वाचता येणाऱ्या आणि न येणाऱ्या मोठ्या माणसांच्या मेंदूंची तुलना करून हे दाखवलं. आणि २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला तो तर आपल्या लिपीचाच. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर मोठ्या माणसांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांचे मेंदू तपासले. सहा महिन्यांत मेंदूच्या खोलवरच्या भागांतसुद्धा बदल दिसला. तुमच्या आजीला अक्षरं शिकवायचा बेत असेल तर तिचं वय आड आणू नका.

म्हणजे अक्षर आणि चेहरा मेंदूत अगदी शेजारी राहतात. आशिदे बघताना हे दोन शेजारी भांडतात. एक म्हणतो गवत, दुसरा म्हणतो ‘शि’. १९१५ मध्ये एडगार रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने असंच एक चित्र गाजवलं, मधे फुलदाणी दिसते नाहीतर समोरासमोर दोन चेहरे. दोन्ही एकाच क्षणी दिसत नाहीत. करून बघा, हट्टाने बघा, तरी नाही.

आता जपानहून घरी येऊ. विसरवाडी धुळे-सुरत महामार्गावर आहे, त्यामुळे इथल्या पोरांना गाड्या कुठून कुठे जातात हे वेगळं सांगायला नको. पण विसरवाडीहून एक रस्ता ईशान्येकडेही जातो. नंदुरबार, मग प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडून शहादा, पुढे खेतिया, सेंधवा. सातपुडा मागे टाकून आणखी पुढे गेलं की मध्य प्रदेशातल्या खरगोनजवळ ऊन नावाचं गाव लागतं. तिथे परमार राजांच्या काळातली, अकराव्या-बाराव्या शतकातली देवळं आहेत. गोष्ट अशी सांगतात की एका राजाच्या पोटात साप होता. साप मेला तेव्हा राजाने शंभर देवळं बांधायचं ठरवलं. नव्याण्णव झाली, एक उणं राहिलं, म्हणून गाव ऊन! गोष्ट खरी-खोटी कशी का असेना, त्यातल्या ‘चौबारा डेरा’ नावाच्या देवळात एक साप खरोखर आहे. दगडात कोरलेला. आणि त्याच्या अंगावर खवल्यांच्या जागी अक्षरं आहेत.

याला सर्पबंध म्हणतात. सापाच्या वेटोळ्यांत वर्णमाला भरलेली असते, आणि संस्कृत क्रियापदांना लागणारे प्रत्ययही. धार आणि उज्जैनलाही असे साप आहेत. त्या काळच्या कोरीव लेखात या सापाला राजाची कट्यारही म्हटलंय, अक्षरांच्या सापाची कट्यार. म्हणजे एकाच आकृतीत वर्णमाला, साप आणि हत्यार! शाळेतला पाढ्यांचा तक्ता असा असता तर कुणी पाठ करायला कुरकुरलं नसतं.

आपल्या जुन्या कवींना कवितेचं चित्र करायचं भलतंच वेड होतं. त्याला चित्रबंध म्हणायचे. चाक, तलवार, कमळ अशा आकारात श्लोक बसवायचे. भारवी आणि माघ या महाकवींनी आपल्या महाकाव्यांत एकेक अख्खा सर्ग असल्या करामतींना दिला. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने तर कमाल केली. अनुष्टुभ छंदातल्या श्लोकात बत्तीस अक्षरं असतात, आणि अर्ध्या बुद्धिबळाच्या पटात बत्तीस घरं. रुद्रटाने चार ओळींत आठ-आठ अक्षरं मांडली. सरळ वाचा, श्लोक. आता पहिल्या घरात घोडा ठेवा आणि अडीच घरांच्या चालीने, एकदा गेलेल्या घरात परत न जाता, बत्तीसही घरं फिरा. घोडा ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने अक्षरं वाचा. पुन्हा तोच श्लोक! अक्षरं मोजकीच आणि परत परत येणारी आहेत, त्यामुळे अर्थ लावताना पंडितांनाही घाम फुटतो, आणि खरं सांगायचं तर कविता म्हणून तो श्लोक मला काही भावत नाही. पण घोड्याच्या या फेरीचा गणिती अभ्यास युरोपात ऑयलर या गणितज्ञाने १७५९ मध्ये मांडला. रुद्रट त्याच्या नऊशे वर्षं आधीचा.

कमळबंध मात्र तुम्हालाही जमेल. पाकळ्यांत अक्षरं आणि मधल्या गाभ्यात एकच अक्षर, जे प्रत्येक पाकळीला लागू पडतं. विसरवाडीच्या पावसावर मी एक केलाय:

चार मोर, दूर घर,
फार गार, वर सर.

मोठी कविता नाही, मला माहीत आहे. पण आठही शब्द ‘र’वर संपतात. म्हणून मधे एकदाच ‘र’ लिहा आणि भोवती आठ पाकळ्यांत चा, मो, दू, घ, फा, गा, व, स. पाकळीतून गाभ्यात, गाभ्यातून पुढच्या पाकळीत असं वाचत गोल फिरा. सोळा अक्षरांची कविता नऊ अक्षरांत मावली! ‘ळ’ घेऊन करून बघा. नळ, फळ, खेळ, वेळ, मूळ, केळ... शब्द भरपूर आहेत, अर्थ जुळवताना दात आवळावे लागतील.

काही अक्षरांवर बंदी घालायचा खेळ आपल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) खेळला. बारामतीला राहणाऱ्या या कवीने एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक ‘निरोष्ठ’, म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागता कामा नये. प, फ, ब, भ, म सगळे बाद. आता ‘राम’ म्हणून बघा. लागले ना ओठ? ज्याची गोष्ट सांगायची त्याचंच नाव घ्यायची बंदी!

आणि अक्षरांचं चित्र करण्याच्या उलटी गंमत, म्हणजे चित्रच वाचायची, नर्मदेपलीकडे, छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या घरात बघायला मिळते. तिथे भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे असतात. ते काढणाऱ्याला लखारा म्हणतात, लिहिणारा. चित्र पुरं झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, समोर उभा राहतो आणि एकेक घोडा, एकेक देव ओळखत ते वाचतो. अक्षर एकही नाही.

आज ही कला कुठे गेली? कुठेही नाही. गणेशोत्सवात कलाकार बसलेले असतात, तुमचं नाव विचारतात आणि त्या नावाच्या अक्षरांतून सोंड, कान, पोट काढून गणपती हातात देतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी लिहिली की नाटक कसं असेल ते अक्षरांच्या वळणावरूनच कळावं. संगणकावर मराठीसाठी जो ‘मंगल’ फाँट असतो, तो घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवीही होते, आणि शब्दांचीच चित्रं होतील अशा कविता त्यांनी केल्या.

आपल्या लिपीत एक अडचण आहे, ती म्हणजे शिरोरेषा. हिरागानाची अक्षरं मोकळी सुटतात, आपली दांडीला बांधलेली. अक्षरगणेश काढणारे ती कधी तोडतात, कधी वाकवून सोंड करतात. तुम्ही ‘विसरवाडी’ घ्या. शिरोरेषेला महामार्ग करा, डावीकडून उजवीकडे सरळ. ‘वि’ची वेलांटी रस्त्यावर कमानीसारखी चढते, तिथे सातपुड्याचा डोंगर सहज बसेल. ‘स’ला पाय आहे, त्याला चालता माणूस करता येईल. ‘र’ तिरका आहे, पावसाची सर. ‘डी’ची दीर्घ वेलांटी वरून उजवीकडे उतरते, तिला ट्रक की झाड हे तुम्ही ठरवा. आणि राहिलेला ‘वा’ कशाचा करायचा यावर माझं अजून अडलंय. काही सुचलं तर काढून पाठवा, पण नाव वाचता आलं पाहिजे हं!